विलोच्या फांद्यांचं घर

२४ जानेवारी २०१७
आइंडहोवन

अहो,

हे तुमच्या पत्राचं उत्तर नाही. आधीच सांगते, परदेशी पाकीट बघून उगाच गैरसमज नको. दिवाळीनंतर तुमचं पत्र आलं. पत्र कसलं, तीन ओळी. "आता ये. इथं बरं आहे. टाक्यात पाणी पुरेसं आहे." त्याही ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, हलत्या बसमध्ये लिहिल्यासारख्या. तीस वर्षं बाडमेरच्या वाळूत काढून माणूस बायकोला तीन ओळींत बोलावतो, तर बायकोनं विचार करायला थोडा वेळ घेतला म्हणून काही बिघडत नाही.

सध्या मी आपल्या सुश्रुतकडे आहे. हिमानीला ऑफिसात बढती मिळाली, तिला घरी यायला उशीर होतो, आणि ऋताला शाळेतून आणायला कुणीतरी हवं होतं. व्हिसा तीन महिन्यांचाच मिळतो, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत मी इथं. तुम्हाला फोन लावून पाहिला. तुमचा फोन कुठल्या टेकाडावर चढल्यावर लागतो ते तुम्हालाच ठाऊक. म्हणून हे पत्र.

घर छान आहे. एकाच भिंतीला चिकटून ओळीनं सारखी घरं, आणि पुढच्या मोठ्या खिडक्यांना कुणी पडदे लावत नाही. समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ रोज त्याच खुर्चीत बसून पेपर वाचतात. ते मला दिसतात, मी त्यांना दिसते, दोघं हात करतो. दिवसभरातलं माझं बोलणं एवढंच. सकाळी तिघं सायकलींवर निघतात, पाऊस असला तरी. हिमानी विजारीवर पावसाची विजार चढवते आणि ऋताला मागं बसवते. दार लागलं की घरात फक्त फ्रिजचा आवाज. कंटाळा, कंटाळा, कंटाळा.

ऋताला मराठी सगळं कळतं. दूध संपव म्हटलं की संपवते. पण उत्तर डचमध्ये. परवा म्हटलं, "मला कळेल असं बोल गं." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तेच वाक्य हळू आणि मोठ्यांदा म्हणाली. डचमध्येच.

सुश्रुत सांगत होता, या देशाचा मोठा भाग समुद्राच्या पातळीखाली आहे. पंप लावून सतत पाणी बाहेर टाकावं लागतं. तुम्ही तिकडे पावसाचा थेंब न थेंब जमिनीखाली साठवता आणि इथं ते हाकलून देतात, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं. बाकी मी मजेत आहे. रोज फिरायला जाते.

वासंती


६ फेब्रुवारी

अहो,

रोज फिरायला जाते असं मी लिहिलं होतं, ते खरं नाही. पहिल्या आठवड्यात एकदा गेले. सगळे रस्ते सारखे, घरं सारखी, परतताना दुसऱ्याच घराच्या दाराला किल्ली लावत उभी राहिले. त्यानंतर ऋताच्या शाळेचा रस्ता सोडून कुठं गेले नाही.

मागच्या मंगळवारी मात्र बाहेर पडावं लागलं. कचऱ्याचा डबा पुढं आणून ठेवायला गेले आणि मागं दार लागलं. इथली दारं नुसती ओढली तरी बंद होतात, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. अंगात घरातला स्वेटर, पायात सपाता, फोन आत. हिरवळीवर गोठलेलं दव पडलेलं. समोरचे गृहस्थ नेमके त्या दिवशी खुर्चीत नव्हते. तीन घरांच्या घंटा वाजवल्या, दिवसा कुणी नसतं. चौथ्या घराचं दार उघडलं. उंच, काळीसावळी बाई, डोक्यापासून पायापर्यंत नारिंगी वस्त्र. मी माझ्या तोडक्या इंग्रजीत सुरू केलं. तिनं माझ्या कपाळावरची टिकली बघितली आणि म्हणाली, "हिंदी बोलो, बहन. अंदर आओ, पैर नीले हो गए."

तिचं नाव हलीमो. सोमालियातल्या वाळवंटातली, उंटवाल्या लोकांतली. तिकडे लढाई पेटली तेव्हा पळाली, नैरोबीत एका गुजराती घरी बरीच वर्षं स्वयंपाक केला, तिथं हिंदी शिकली. इकडे येऊनही तिला वीस-एक वर्षं झाली. तिनं माझे पाय गोधडीत गुंडाळले, वेलची घातलेला चहा दिला आणि समोर बसून विचारलं, "खबर क्या है?"

मी म्हटलं, "सब ठीक है."

"ये खबर नहीं है," ती म्हणाली आणि वाट बघत बसली.

मग तिनं समजावलं. त्यांच्याकडे लांबून माणूस आला की त्याला पाणी देतात आणि खबर विचारतात. पाऊस कुठं पडला, कुठल्या विहिरीत अजून पाणी आहे, कुठं भांडण पेटलंय, कुणाची जनावरं मेली. आणि त्यानं खरं ते सगळं सांगायचं. "सब ठीक बोलोगी, तो मैं ऊंट उधर लेके जाऊंगी. उधर पानी नहीं होगा तो?"

अहो, मला इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत सुटले. मुलगा चांगला आहे पण थकून येतो आणि फोनकडे बघत जेवतो. नातीशी बोलता येत नाही. कंटाळा येतो, आणि कंटाळ्याला हिंदीत काय म्हणतात तेही आठवत नाही. आणि नवरा वाळवंटात राहतो.

हलीमो इतकी हसली की चहा सांडला. "मैं रेगिस्तान से भागी. तुम्हारा आदमी भाग के उधर गया?"

मी म्हटलं, होय. सरकारी नोकरीत भूजल खात्यात होता, बदली झाली, आणि मग परत येण्याची बदली त्यानं कधी मागितलीच नाही. निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिला. गावागावातली जुनी टाकी आणि बेऱ्या, म्हणजे झिरपत्या पाण्याच्या अरुंद विहिरी, दुरुस्त करून देतो. हलीमोनं हसू थांबवून विचारलं, "पानी निकलता है?" मी म्हटलं, निकलता है. ती म्हणाली, "फिर अच्छा आदमी है."

हलीमोनं ऋताच्या शाळेत फोन करून निरोप ठेवला; संध्याकाळी सुश्रुत ऋताला घेऊनच आला आणि मला घरी घेऊन गेला. तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात अडकवायला किल्लीची दोरी घेऊन आला, शाळेतल्या मुलांची असते तशी.

वासंती


२० फेब्रुवारी

अहो,

आता मी दुपारी हलीमोकडे असते. तिच्याकडे काम निघालं आहे.

तिची मुलगी अस्ली रॉटरडॅमजवळच्या कापेल आन डेन आयसेलला एका ऑफिसात नोकरी करते, तिथंच फ्लॅट घेऊन राहते. मार्चअखेर तिचं लग्न आहे, रॉटरडॅमला मोठ्या हॉलमध्ये. मुलगा सोमालीच, पण बर्मिंगहॅमला वाढलेला. लग्नानंतर ती तिकडे जाणार. आणि त्यांच्या रीतीप्रमाणे मुलीच्या लग्नात आईनं घर द्यायचं असतं. खरंखुरं घर. वाकवलेल्या फांद्यांचा घुमट, त्यावर चटया. गाठी सोडल्या की उतरतं, उंटावर लादता येतं. त्याला म्हणतात अकल. मी म्हटलं, आमच्यात अक्कल म्हणजे डोकं. हलीमो म्हणाली, बरोबरच आहे, डोक्यावर छप्पर नसलं तर अक्कल कुठं ठेवणार?

सोमालियात हे काम एकटी बाई कधीच करत नाही. मावश्या, आत्या, शेजारणी महिनोन् महिने बसतात, मुळं खणून आणतात, वाकवतात, साल चघळून मऊ करून त्याच्या दोऱ्या वळतात, आणि गातात. इथं हलीमो एकटी. तिच्या ओळखीच्या बायका म्हणाल्या, काय वेड लागलंय, मुलीला वॉशिंग मशीन दे. अस्ली फोनवर म्हणाली, आई, असलं काही करू नकोस, माझ्या सासरची माणसं हसतील. हलीमोनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "दो औरत से भी बनता है. देर लगता है, बस."

या दिवसांत इथं ओढ्याकाठची विलोची झाडं छाटतात. विलो म्हणजे क्रिकेटच्या बॅटीचं झाड. छाटलेल्या फांद्यांचे ढीग नेऊ का, असं तिनं कामावरच्या माणसांना विचारलं, त्यांनी हसून हो म्हटलं. आम्ही दोघींनी त्या लांबलचक फांद्या रस्त्यानं ओढत आणल्या. मी पुढं, ती मागं. सायकलवाले घंटा वाजवत बाजूनं जात होते. समोरचे गृहस्थ दार उघडून बाहेर आले. मला वाटलं, आता तक्रार. त्यांनी काहीतरी विचारलं, हलीमोनं उत्तर दिलं, आणि त्यांनी मधला भाग उचलून खांद्यावर घेतला.

ओल्या फांद्या अंगणातल्या कुंपणाला बांधून कमानीसारख्या वाकवून ठेवल्यात. वाळल्या की तोच आकार धरतील. घर गोल का, असं मी विचारलं. कोपरा असला की वारा त्याला धरतो, असं ती म्हणाली. तुम्हीही मला हेच सांगितलं होतं, आठवतं का? सुश्रुत दोन वर्षांचा होता, आम्ही दोघं तिकडे आलो होतो. तुमच्या झोपडीसमोर उभं करून तुम्ही मला वारा, वाळू आणि गोल भिंत शिकवत होतात. आणि मी विचार करत होते, आंघोळ कुठं करायची.

तीही आठवते. खाटेवर बसून आंघोळ, खाली घमेलं. घमेल्यातल्या पाण्यात कपडे, उरलेलं पाणी शेळीला. शेजारच्या बायका कौतुकानं बघत होत्या, पुण्याची बाई किती पाणी सांडते ते. मी रडले होते, ते तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही टाक्यावर होतात. हलीमोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बकरी को पानी मिला ना? फिर रोना किस बात का?" आणि पुढं म्हणाली, दुधाचं भांडं ती कधी पाण्यानं धूत नसे. जळती काडी आत फिरवायची, धुरानं भांडं स्वच्छ होतं आणि दूध टिकतं. या देशात आल्यावर पहिल्यांदा नळ सोडला आणि बंद करायलाच विसरली. बघतच राहिली. मालक ओरडेल म्हणून घाबरली, पण ओरडायला कुणीच नव्हतं.

वासंती


९ मार्च

अहो,

तुमचं उत्तर नाही. पत्रं पोचत नसतील, किंवा पोचत असतील. मी लिहिते.

चटया शिवणं चालू आहे. गवताच्या चटया इथं मिळत नाहीत. बागेच्या दुकानात कुंपणाला लावायच्या बोरूच्या चटया मिळतात, त्या आणल्या. त्यांना आतून जुनी ब्लँकेटं लावायची. मुलींच्या शाळेत इतकी वर्षं शिवण शिकवलं ते कुठं कामाला आलं बघा. हलीमोचा टाका लांब, माझा बारीक. ती म्हणते, तुझ्या टाक्यानं घर उतरवायला सकाळची दुपार होईल. मी म्हणते, तुझ्या टाक्यानं रात्रीतच उडून जाईल. काम करता करता ती गाते, विहिरीवर उंटांना पाणी पाजतानाची गाणी. दुसरी ओळ इतरांनी म्हणायची असते, तिथं ती थांबते. आता त्या जागी मी नुसता हुंकार देते.

काल तिनं विचारलं, "तुम्हारा घर किसका है?"

मी म्हटलं, दोघांचं. पुण्याचा फ्लॅट, मी राहते.

"आदमी?"

"वर्षातून दोनदा यायचा. आता चार वर्षं आला नाही."

"हमारे में भी ऐसा," ती म्हणाली. "घर औरत का. औरत बनाती है, औरत उतारती है. आदमी ऊंट के पीछे जाता है, आता है तो मेहमान जैसा. उसको खाना देते हैं, खबर लेते हैं. फिर बारिश जिधर, औरत घर उधर ले जाती है."

मी म्हटलं, पुण्याचा फ्लॅट उंटावर चढत नाही. ती हसली नाही. म्हणाली, "तो फिर तुम किधर भी नहीं गई? इतने साल?"

या प्रश्नावर मला राग आला. मी सुई ठेवून घरी आले. कुठं जाणार होते मी? सुश्रुतची शाळा, त्याची बारावी, तुमच्या आईंचं दुखणं, सोसायटीचं पाणी, सगळं कुणी बघायचं होतं? तुम्ही आलात की मी तुमच्या आवडीची भरली वांगी करायची आणि तुम्ही तिसऱ्या दिवशी खिडकीशी उभे राहून आभाळ बघायला लागायचात. मला वाटायचं, हा माणूस घरात पाहुण्यासारखा राहतो. ते बरोबर होतं. फक्त त्यात माझा अपमान आहे, असं मला वाटत होतं. हलीमोकडच्या बायकांना तसं वाटत नाही म्हणे. मला वाटलं. वाटायचंच.

त्याआधी, रविवारी, सुश्रुत मला शोधत हलीमोच्या अंगणात आला. आम्ही कमानी उभ्या करून बांधत होतो. तो बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आई, हे बाबांच्या झोपडीसारखं आहे."

"तुला काय आठवतंय, तू दोन वर्षांचा होतास."

"तेव्हाचं नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलो होतो. तुला ट्रेकला जातो असं सांगितलं होतं."

माझ्या हातातली दोरी सुटली. हलीमोला मराठी कळत नाही, पण तिनं मुकाट्यानं ती धरली. मी विचारलं, "कशाला गेला होतास?"

"बाबांना विचारायला. परत येणार का म्हणून."

"मग?"

"त्यांनी मला टाक्यात उतरवलं. दोघांनी मिळून गाळ काढला. ते फक्त गाळाबद्दल बोलत होते. मी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत. परत आलो."

तुम्हीही मला हे कधी सांगितलं नाहीत. दोघं बापलेक त्या टाक्यात उतरून काय करत होतात, हे मी आता इथं बसून डोळ्यांसमोर आणते. सुश्रुतनं दोरी हलीमोकडून घेतली आणि गाठ मारली. घट्ट, चांगली गाठ. तुम्हीच शिकवली असणार.

वासंती


२८ मार्च

अहो,

घर उभं राहिलं. अंगणात मावेल एवढंच, तीन-चार माणसं बसतील असं. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. पहिल्याच दिवशी पाऊस आला आणि आतली ब्लँकेटं भिजली. तिकडच्या चटया पावसानं फुगून फटी बुजवतात, इथला बोरू फुगत नाही. मग आम्ही वर प्लास्टिकचा कागद टाकला. हलीमोला तो आवडला नाही, पण म्हणाली, जिथं जे मिळतं त्यानंच घर होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी अस्ली आली. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. चटपटीत, हातावर मेंदी, फोन सतत वाजतोय. हॉलवाल्याचा, फुलांचा, नवऱ्याचा. आईशी ती डचमध्ये भराभर बोलत होती. मला वाटलं, आता ही अंगणात न जाताच निघून जाणार. मी स्वयंपाकघरात कप विसळत राहिले.

मग ती मागच्या दारातून बाहेर गेली. अकलसमोर उभी राहिली. बूट घालूनच आत वाकली, तेव्हा हलीमोनं एकच शब्द म्हटला. अस्लीनं बूट काढले. आत जाऊन बसली. फोन पुन्हा वाजला. तिनं तो बाहेर सरकवून दिला, आईच्या हातात. थोडा वेळ काही आवाज आला नाही. हलीमोनं वाकून पाहिलं आणि माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. पोरगी झोपली होती. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन.

आम्ही दोघी कोट घालून दाराच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून बसलो. थंडी होती, वारा होता. फोन वाजला की हलीमो तो बंद करायची. आई-मुलीचं काही बोलणं झालंच नाही. दुपार कलल्यावर अस्ली उठली, बाहेर आली, चेहऱ्यावर चटईचे वळ उठलेले. तिनं घाईघाईनं वेणी घातली, घड्याळ बघून ओरडली आणि पळाली. गाडीपर्यंत गेली आणि परत आली. आईच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मग खरंच गेली.

लग्नाला मला बोलावलं होतं, पण ऋताला ताप होता, मी गेले नाही. लग्नानंतरच्या सोमवारी सकाळी हलीमोनं मला हाक मारली. घर उतरवायचं होतं. मला वाईट वाटलं. म्हटलं, राहू दे की थोडे दिवस. ती म्हणाली, "घर खड़ा रहता है जब अंदर कोई रहता है. खाली घर को हवा खाती है."

उतरवायला खरंच सकाळची दुपार झाली, माझ्या टाक्यांमुळे. ती एकदाही रडली नाही. फांद्यांची मोळी बांधली, चटया गुंडाळल्या, सायकलींच्या खोपटात सरकवल्या. मग अंगणात पिवळ्या पडलेल्या गवताचा एक गोल राहिला. हलीमो त्या गोलाच्या मधोमध उभी राहिली. मी आत जाऊन चहा ठेवला.

वासंती


८ एप्रिल

अहो,

काल तुमच्या प्रतापचा फोन आला. तुमच्या ढाणीतला, म्हणजे वस्तीतला, जीपवाला प्रताप. सुश्रुतचा नंबर त्याला जोधपूरच्या दवाखान्यातल्या तुमच्या कागदांवर मिळाला. फोन सुश्रुतनं घेतला, स्पीकरवर टाकला आणि आम्ही तिघं डायनिंग टेबलाशी उभे राहून ऐकलं.

काचबिंदू. एक डोळा गेला, दुसऱ्यानं उजेड आणि अंधार तेवढा कळतो. आणि हे दिवाळीच्या आधीपासून. म्हणजे ती तीन ओळींची चिठ्ठी तुम्ही न दिसता लिहिलीत. बसमध्ये नव्हतात तुम्ही. "इथं बरं आहे," असं लिहिलंत. अहो, ही खबर झाली का? त्या माणसांत तीस वर्षं राहिलात, त्यांच्याकडून एवढं तरी शिकायचं होतं. मी दया खाऊन येऊ नये म्हणून लपवलंत, हे मला कळतं. मला खूप राग आला आहे. हे पत्र रागात लिहिलेलं आहे, असंच समजा.

मी प्रतापला विचारलं, मग माझी पत्रं? तो म्हणाला, "भाभीसा, चिट्ठी तो म्हारी धापू बांचे है." त्याची बायको. तिला मराठी येत नाही, पण अक्षरं तीच, म्हणून ती वाचते. कळत काही नाही, पण एक अक्षर सोडत नाही. संध्याकाळी दिवा लावला की सगळी ढाणी जमते आणि धापू माझी पत्रं मोठ्यानं वाचते. तुम्ही मान खाली घालून ऐकता आणि कुणी काही विचारलं तर सांगत नाही. प्रताप म्हणाला, ढाणीतली पोरं विचारतात, चिठ्ठीत सारखं येतं ते कंटाळा म्हणजे काय?

माझे कान गरम झाले. म्हणजे आंघोळीची खाट, माझं रडणं, भरली वांगी, सगळं सगळ्यांनी ऐकलं. कुणाला कळलं नाही हे खरं, पण ऐकलं. आणि मग मला एकाएकी हसू फुटलं. हिमानीला वाटलं मी रडते आहे, तिनं मला जवळ घेतलं. मग मी रडलेच.

सुश्रुतनं प्रतापकडून रिपोर्टचे फोटो मागवले आणि कॉम्प्युटरवर मोठे करून बघत बसला. तो तिकडे यायचं म्हणाला नाही. मीही म्हटलं नाही. पण डॉक्टरांची यादी काढतो आहे, पुण्यातल्या आणि जोधपूरच्या. तुम्ही त्याच्याशी गाळाबद्दल बोललात तरी चालेल. पण फोनवर या.

आणखी एक सांगायचं राहिलं. मी गेल्यावर ऋताला शाळेतून हलीमो आणणार आहे. हिमानीनं स्वतः जाऊन विचारलं. दोघी डच बोलतात, माझ्यापेक्षा बरं जमेल. काल शाळेच्या दारात ऋतानं माझा हात सोडून तिचा हात धरला. मला थोडं लागलं. पण थोडंच. घरी येताना ऋता मध्येच थांबली आणि मला म्हणाली, "आजी, तू कधी येणार परत?" मराठीत.

आता तुमच्या पत्राचं उत्तर.

मी येते. पुढच्या आठवड्यात पुण्याला पोचते. फ्लॅट उघडून, झाडून, सोसायटीत सांगून मेमध्ये निघते. मे महिन्यात येऊ नको म्हणाल, म्हणू नका. जोधपूरपर्यंत रेल्वेनं, तिथं प्रताप जीप घेऊन येणार आहे, मी त्याच्याशी ठरवून टाकलं. किती दिवस राहीन ते विचारू नका. पाऊस होईपर्यंत राहीन. पुढचं तेव्हा बघू. मला जमेल की नाही, ते मलाच माहीत नाही.

एक मात्र आहे. मी तुमच्या झोपडीत राहणार नाही. शेजारी माझं वेगळं बांधून घेईन. गोल, दार वाऱ्याच्या उलट. ते माझं. तुम्ही याल तेव्हा बाहेरून खोकून या. जेवायला मिळेल. तुम्हाला दिसत नाही म्हणून मी तुमचा हात धरून सगळीकडे नेईन असं समजू नका. पण टाक्यापर्यंत नेईन. आणि खाटेवरच्या आंघोळीला माझी ना नाही. घमेलं मात्र मोठं घ्या.

पुढच्या ओळी तुमच्यासाठी नाहीत. धापूसाठी आहेत.

धापू, ये आगे का जोर से मत पढ़ना. मन में पढ़ना. वो पूछेंगे, चुप क्यों हो गई. बोलना, औरतों की बात है. बेटी, मैं तेरी आवाज नहीं पहचानती, पर तूने मेरी सारी बातें अपने मुंह से कही हैं. उधर मैं किसी को नहीं जानती. उनको भी ठीक से नहीं जानती. मेरे झोपड़े की छत बांधनी होगी, वो अकेली औरत का काम नहीं है. तू आएगी न?

वासंती